अठ्ठावन्नावा प्रवासी

विमान कसं चालवायचं हे मला विचारा! सन नव्वद साली चितेगावच्या आख्ख्या कारखान्यांच्या पट्ट्यात विमान चालवता येणारा एकच माणूस होता, आन तो म्हणजे मी, मुंजाबा. विमान खरं नव्हतं, कॉम्प्युटरमधलं होतं, एवढी बारीक गोष्ट सांगायची तेवढी माझ्याकडून राहून जायची.

आमची कंपनी रबराचे वायसर बनवायची. कंपनीत कॉम्प्युटर एकच. त्याला एसीची खोली, काचेचं दार आन दारात चपला काढायच्या. देवळातसुद्धा लोक एवढे निमूट चपला काढत नसत. त्या खोलीचा पुजारी मी. कॉम्प्युटर बसवायला मुंबईहून आलेला इंजिनिअर जाताना एक फ्लॉपी विसरून गेला, आन त्या फ्लॉपीत विमान निघालं. काळा पडदा, त्यावर हिरव्या रेघा. चार रेघा म्हणजे धावपट्टी, तीन रेघा म्हणजे डोंगर. डब्याच्या सुट्टीत दार लावून मी रोज विमान उडवायचो आन रोज पाडायचो. पण बाहेर आल्यावर सांगायचो, आज दिल्लीला सुखरूप उतरवलं.

हे खरं काय ते एकट्या पुंडलिकला माहीत होतं. पुंडलिक स्टोअरला होता. माझा दोस्त, आन रहस्यकथांचा भलता नादी. त्या बुधवारी तो एक भाड्यानं आणलेलं पुस्तक घेऊन आला. त्यात एक मोठं विमान होतं, अठ्ठावन्न प्रवासी होते, विमानाचं डावं इंजिन बंद पडतं, पायलट डावीकडंच वळवतो आन विमान डोंगरावर आपटतं. मी म्हणालो, असं होऊच शकत नाय, लेखकाला विमानातलं काय कळतंय. पुंडलिक म्हणाला, लेखकाला कळत नसंल, पण तुला तरी कुठं कळतंय? करून दाखव.

आता गंमत ऐका. रोज न पाडायचं ठरवून पाडणारा मी, त्या दिवशी पाडायचं ठरवलं तर विमान पडंना! डोंगराच्या बाजूनं जाई, वरून जाई, एकदा तर त्या तीन रेघांच्या मधून आरपार गेलं आन सुखरूप उतरलं. आयुष्यातलं माझं पहिलं लँडिंग ते. पुंडलिक हसून हसून खुर्चीवरून घसरला. पाचव्या खेपेला मात्र डावीकडं वळवलं, दात-ओठ खाऊन डोंगरात घातलं, कॉम्प्युटर पीं करून ओरडला आन पडद्यावर भेगा पडल्या. पुस्तकातल्यासारखंच झालं. मी हरलो होतो, पण विमान बरोबर पाडल्याचा आनंद काही वेगळाच.

पुंडलिक म्हणाला, झालं नाय अजून. पुस्तकात शेवटी मेलेल्यांची यादी पण हाय. आन मग तो अर्धी रजा टाकून गेला. त्या दिवशी शहरात विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा होता, आन मोर्चा असला की पुंडलिक कंपनीत सापडायचा नाय.

यादी काढायला मला काय लागतंय? अठ्ठावन्न नावं पाहिजे होती. पगाराच्या फाईलमधून दुसऱ्या पाळीचं मस्टर उचललं. त्यात निघाले सत्तावन्न. एक सीट रिकामी राहिली.

आन इथं, मंडळी, माझी मान खाली जाते. त्या रिकाम्या सीटवर मी माझ्या सासऱ्याला बसवलं.

आमचे सासरे कारभारी, मेंढेवाडीचे. चितेगावच्या पुढं पैठण रस्त्यानं दोन कोस. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मेंढरं राखणारा, घोंगडी विणणारा माणूस. मुंबईच्या कुठल्याशा प्रदर्शनात त्यांची घोंगडी एका व्यापाऱ्याला अशी काही आवडली, की त्यानं त्यांना पंधरा दिवस ठेवून घेतलं आन परत पाठवायला चक्क विमानाचं तिकीट काढलं. पोस्टकार्ड आलं: बुधवारी संध्याकाळच्या विमानानं येतो, जावईबापूंनी चिकलठाण्याला घ्यायला यावं. मी पोस्टकार्ड मोठ्यानं वाचलं, माझी बायको मंजुळा नाचायची तेवढी बाकी राहिली. मी पण वा वा म्हणालो. पण आतून माझा नुसता जळफळाट! बीएस्सी झालेला मी, कॉम्प्युटरवाला मी, रोज विमान चालवणारा मी. आन विमानात बसणार कोण, तर मेंढरं वळणारा माणूस! शिवाय मागच्या दिवाळीला चारचौघांत ते म्हणाले होते, आमचे जावई दिवसभर नुसत्या टिचक्या मारत्यात.

म्हणून मारली एक टिचकी. सगळ्यांच्या वर, सीट नंबर एक, कारभारी मल्हारी, मेंढेवाडी. पुढच्या रकान्यात फुली. सगळ्यांच्या पुढं फुली. वरती मोठ्या इंग्रजी अक्षरात मथळा दिला, 'फायनल लिस्ट'. प्रिंटर करकरायला लागला तेवढ्यात तात्यासाहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, स्टॉकचे आकडे विचारायला बोलावलं आन मी उठून गेलो.

आमच्याकडं एक नियम होता. प्रिंटरमधून मथळ्याचा कागद निघाला की शिपाई धोंडिबानं तो फाडायचा आन गेटजवळच्या नोटीस बोर्डावर डकवायचा. हा नियम कुणी केला? मीच. मीच धोंडिबाला दम भरला होता, की कॉम्प्युटरमधून आलेलं कधी खोटं नसतं, विचारत बसायचं नाय.

आता तुम्ही कारखान्यात काम केलं असंल तर 'फायनल' ह्या शब्दाला कामगार किती भितो हे मी सांगायला नको. फायनल म्हणजे हिशेब. 'त्याला फायनल दिला' म्हणजे माणूस कामावरून गेला. अडीच वाजता दुसरी पाळी गेटवर आली, बोर्डावर 'फायनल लिस्ट', खाली आपापली नावं आन प्रत्येकापुढं फुली. झालं! पहिल्या पाळीच्या मशीनी पण बंद पडल्या. गेटवर दीडशे माणूस गोळा. कोण म्हणतंय कंपनी विकली, कोण म्हणतंय पोटावर पाय दिला. तात्यासाहेब घामाघूम होऊन मला म्हणाले, हे तू काढलंस ना, मग तूच निस्तर.

मी स्टुलावर चढलो. जमेल तेवढं मोठ्यानं ओरडलो, "अहो, ही कमी केलेल्यांची यादी नाय! ही विमान पडून मेलेल्यांची यादी हाय!"

मग दुसऱ्या पाळीतला कडुबा छातीवर हात ठेवून म्हणाला, "मंग चालतंय बाबा. मेलो तर मेलो, नोकरी राह्यली."

आन जो हशा पिकला! लोक एकमेकांना टाळ्या देत म्हणायला लागले, मेल्या, चल कामाला. पुढं मी सांगितलं की हा खेळ हाय, कॉम्प्युटरमधला, पुस्तकातल्या विमानाचा. पण हशात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. लोक मशीनीवर गेले. तात्यासाहेबांनी यादी काढून टाकायला सांगितली. बोर्डावर बघतो तर यादीच नव्हती. वाटलं, कुणीतरी गमतीनं नेली असंल. मी खोलीत जाऊन एसीत बसून गार पाणी प्यालो.

पाच वाजता चपला घालताना धोंडिबा म्हणाला, साहेब, तो पॅकिंगचा रामकिसन यादी फाडून घेऊन गेला. सायकलवर रडत रडत गेला बघा.

रामकिसन. मेंढेवाडीचा. दिवसभर खोक्यांवर इंग्रजी अक्षरं छापणारा, म्हणून मथळे आन नावं वाचता येणारा. कारभारी आप्पा आज विमानानं येणार हे वाडीतल्या शेळ्यामेंढ्यांनापण ठाऊक होतं. त्यानं पहिलं नाव वाचलं होतं आन माझ्या तोंडचं पहिलं वाक्य ऐकलं होतं. त्यापुढचं ऐकायला तो थांबला नव्हता.

डोळ्यापुढं सासूबाई आल्या, पुतळाबाई. हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या आन कपाळावर रुपयाएवढं कुंकू. वाडीत दगडाबाई म्हणून एक म्हातारी हाय. कुणी गेलं की बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला ती सगळ्यात पुढं, मयताच्याही आधी हजर. आता बातमी जाऊन दीड तास झाला होता.

इथून वाडी दोन कोस, सायकलवर अर्धा घंटा. विमानतळ उलट्या बाजूला. मी मनाशी हिशेब मांडला, की मयत आल्याबिगर बांगड्या फोडायचा रिवाज नाय. तवा आधी विमानतळावर जावं, जिवंत माणूस घेऊनच वाडीत उभं राहावं. कसा बिनतोड विचार! खरं कारण एवढंच होतं, की एकट्यानं वाडीत जाऊन 'मी चेष्टेत लिहिलं' असं सासूच्या तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. मी पहिल्यांदा वाडीला जायला पाहिजे होतं. आजपण रात्री झोपताना मला हेच वाटतं.

चिकलठाण्याला विमान आलं. जन्मात पहिल्यांदा मी विमान उतरताना देवाचं नाव घेतलं. उतरलं. शिडीवरून पाहुणे लोक उतरले, साहेब लोक उतरले, आन मागून तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी, कानात कापसाचे बोळे घातलेले आमचे आप्पा. कानाला दडे बसू नयेत म्हणून विमानातल्या बाईनं कापूस दिला होता आन खायला गोळ्या. गोळ्या त्यांनी सगळ्या उपरण्याच्या गाठीत बांधून आणल्या होत्या, पुतळाबाईसाठी. कापूस मात्र काढायला तयार नव्हते. म्हणाले, हे विमानाचं हाय, वाडीत दाखवू.

रिक्षात बसल्या बसल्या मी सांगायला सुरुवात केली. आप्पा, माझ्या हातनं एक चूक झाली. आप्पा म्हणाले, व्हय व्हय, लई उंच. मी म्हणालो, यादीत तुमचं नाव आलं. आप्पा म्हणाले, नाव पुसलं त्या बाईनं, लई सभ्य. मी रडकुंडीला आलो. क्रांती चौकात मोर्च्यापुढं रिक्षा थांबली ती पाऊण घंटा. रिक्षावाला म्हणाला, "जुलूस है चाचा, अब खुदा भी आगे नहीं जाएगा." निळ्या झेंड्यांच्या गर्दीत पुंडलिक दिसला. घोषणा देऊन देऊन त्याचा आवाज बसला होता. मी हात केला तसा तो रिक्षाजवळ आला, आप्पांना नमस्कार केला आन माझं तोंड बघून विचारलं, काय झालं? मी दोन वाक्यांत सांगितलं. तो हसंल वाटलं, पण हसला नाय. त्यानं पुढं होऊन दहा पोरांकडून साखळी करून आमच्या रिक्षाला वाट करून दिली. जाताना कानात म्हणाला, "बारा वर्षं झाली मुंजाबा, आमचं एक नाव पाटीवर चढंना. तुझी अठ्ठावन्न नावं एका दुपारी बोर्डावर चढली. आता नीट उतरव."

वाडीत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आप्पांच्या घरापुढं ही गर्दी! आप्पा खूश झाले. पटका नीट केला, कापूस आणखी आत ढकलला आन मला म्हणाले, "बघा जावईबापू, आख्खी वाडी आलीय. म्हनलं नव्हतं का, विमानाची गोष्टच येगळी?"

मग कुणाचं तरी लक्ष गेलं. ओट्यावरचा एक म्हातारा बसल्या जागी आडवा झाला. बायांचं रडणं मधेच तुटलं. दगडाबाई 'भूत, भूत' म्हणत भिंतीला चिकटली. गर्दी दुभंगली आन मला सासूबाई दिसल्या.

भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी मंजुळा, बापाच्या स्वागताला सकाळीच माहेरी आलेली, रडून डोळे सुजलेले. सासूबाईंचे दोन्ही हात मला दिसत नव्हते. मग कळलं, हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते. दोन्ही हातांवर त्या बसल्या होत्या! रामकिसन सांगत आल्यापासून दगडाबाईनं किती ओढलं, भावकीतल्या बायांनी किती समजावलं, पण त्यांचं एकच: मयत दावा, मंग हात दावते. चार घंटे त्या तशा बसून होत्या.

आप्पांना बघून त्या रडल्या नाहीत, हसल्या नाहीत. हात बाहेर काढले. बांगड्या सगळ्या शाबूत. पण मनगटावर बांगड्यांचे वळ उठले होते, काळेनिळे, आन बोटं सरळ होईनात. त्या दगडाबाईकडं वळून म्हणाल्या, "म्हनलं नव्हतं का?"

मग त्यांनी रामकिसनकडं बघितलं. रामकिसननं घामानं भिजलेली यादी पुढं केली आन माझ्याकडं बोट दाखवलं. म्हणाला, जावयानं सोताच्या तोंडानं सांगितलं, दीडशे लोकांपुढं.

सगळी वाडी माझ्याकडं बघायला लागली. माझ्यापुढं एक सोपी वाट होती. कॉम्प्युटरची चूक झाली म्हणायचं. वाडीनं मान डोलावली असती, कुणाला काय कळतंय! तोंड उघडलंपण होतं. पण समोर ते वळ होते.

"कॉम्प्युटरनं नाय," मी म्हणालो. "मी लिहिलं. मुद्दाम. आप्पा विमानात बसणार म्हणून माझा जळफळाट झाला."

आप्पा नुसतेच सगळ्यांची तोंडं बघत होते. त्यांनी शेवटी कानातले बोळे काढले आन विचारलं, काय म्हनतोय ह्यो?

म्हणजे सगळं परत! पहिल्यापासून, जरा मोठ्यानं. खेळ, पुस्तक, डोंगर, सत्तावन्न माणसं, एक रिकामी सीट. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते मी एका संध्याकाळी दोनदा झालो. आप्पा शांतपणे ऐकत होते. त्यांनी यादी हातात घेतली, उलटी धरली, मी सरळ करून दिली.

"आन विमान कोन चालवत व्हतं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"तुझं नाव कुठंय ह्यात?"

नव्हतं. अठ्ठावन्न मेले होते आन पायलट वाचला होता. माझ्याकडून ते आपसूक झालं होतं, मला तर तोवर सुचलंपण नव्हतं.

"वा रं पठ्ठ्या," आप्पा म्हणाले. "मेंढरू दरीत पडलं तर धनगर आधी उडी टाकतो. तू मेंढरं लोटली आन वर उभा राह्यला."

सासूबाई उठल्या. सहा वर्षांत त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती. जावईबापू, तुमी, बसा, घ्या. त्या दिवशी म्हणाल्या, "मुंजाबा, ते यंत्र मान्सं मारतं, तर जितं करतं का?"

मी म्हणालो, करतं.

"मंग उद्या कर. आन कागद मला आनून दे."

त्या रात्री वाडीत सगळ्यांना विमानातल्या गोळ्या वाटल्या. मला दिली नाय. मंजुळा आईजवळच राहिली, मी एकटाच परत आलो.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मी नवी यादी काढली. वाचलेल्यांची. आधी एकट्या आप्पांचं नाव टाकलं होतं, पण काचेच्या दारावर दुसरी पाळी येऊन उभी राहिली. कडुबा म्हणाला, आमी काय घोडं मारलंय, आमी मेलेलेच राहायचं का? सत्तावन्नच्या सत्तावन्न जिवंत केले. पुंडलिक शेजारी होता. म्हणाला, विमान पडलंय, कुणाच्या तरी नावावर ते मांडावं लागंल. सगळ्यात खाली मी एक ओळ वाढवली: मयत एक, पायलट मुंजाबा, चूक त्याचीच.

ही यादी मी स्वतः बोर्डावर लावली. तात्यासाहेबांनी वाचली, चष्मा पुसून आत गेले. दुसरी पाळी जाता-येता 'लवकर गेला बिचारा' म्हणून माझ्याकडं बघत राहिली.

दुसरी प्रत रामकिसनबरोबर वाडीला पाठवली. सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी ओट्यावर बसून रामकिसनकडून सगळी यादी ऐकली म्हणे. आप्पांचं नाव आल्यावर नुसती मान हलवली.

शेवटची ओळ मात्र दोनदा वाचायला लावली.